कॉम्प्युटरच्या गायकवाडबाई

गायकवाडबाईंच्या तोंडून "कोणी केलं?" हा प्रश्न मी कधीच ऐकला नाही. इतकी वर्षं एका ऑफिसात काढली, तरी नाही. त्या विचारायच्या, "काय झालं?" त्याचं उत्तर मिळालं की विचारायच्या, "आणि त्याच्या आधी?" कॉम्प्युटर अडून बसो, स्टोअरची चावी हरवो की कॅन्टीनचा चहा खारट लागो, बाईंचे प्रश्न हेच. बाकीचं ऑफिस तोवर कोणाला धरायचं याचा विचार करत असे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. पंपांचे सुटे भाग बनायचे. मी स्टोअरला क्लार्क, बाई टायपिंगला. मी अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास लागलो तेव्हा बाई चाळिशीच्या आसपास असतील. उंच, किडकिडीत, पदर खांद्यावर पिनेने घट्ट लावलेला, कमरेला एक पिवळं फडकं खोचलेलं. राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. मी शेतकरी घरातून आलेला, नोकरी करणारा घरातला पहिलाच. आपल्या हातून काहीतरी बिघडणार आणि आपल्याला घरी पाठवणार, या भीतीत माझी पहिली काही वर्षं गेली. स्वभावच तसा. अजूनही कुठे काच फुटल्याचा आवाज आला की आधी माझ्याच छातीत धस्स होतं.

नव्वद-एक्क्याण्णवला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी ऑफिसच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली केली, एसी बसवला, काचेला पडदा लावला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. सगळ्या ऑफिसने तीन महिने कॉम्प्युटर पाहिला तो अनवाणी. तो चालवायला कोण, हा प्रश्न आला तेव्हा टायपिंग येणारं माणूस म्हणून साहेबांनी बाईंना कोर्सला पाठवलं. परत आल्या त्या इन्चार्ज होऊन. पगार तोच राहिला, पण दाराच्या काचेवर नावाची पाटी लिहिली गेली. बाई पाटीकडे बघून म्हणाल्या, "नाव काचेवर लावलंय, पुसायला सोपं."

मशीन विकणाऱ्या दुकानाचा एक सिंधी पोरगा बिघाड काढायला यायचा. त्याचं नाव लखी. मोटरसायकलवर यायचा, खिशात कंगवा, आणि बूट काढले की मोज्यातून अंगठा बाहेर. बाई म्हणायच्या, "लखी, अंगठा आत घे. मशीन बघतंय." तो लाजून पाय खुर्चीखाली लपवायचा. लखीकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध होतं. मशीन उघडायचं, फुंकर मारायची, बंद करायचं आणि सांगायचं, "मॅडम, ये तो गया. फॉरमॅट मारना पडेगा."

"फॉरमॅट म्हणजे काय रे लखी?"

"मतलब सब साफ. एकदम नया जैसा."

"माझा मुलगा गणितात नापास झाला तर त्यालाही फॉरमॅट मारू काय?"

लखी हसायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. कारण त्यालाही माहीत होतं, की आता बाई दोन्ही हात मांडीखाली घालून बसणार. ही त्यांची सवय. काहीही बिघडलं की आधी हात मांडीखाली. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "मोकळे ठेवले की ते काहीतरी दाबतात. मग पहिला बिघाड राहतो बाजूला आणि माझा दुसरा सुरू होतो." मग ज्याने तक्रार आणली त्यालाच खुर्चीवर बसवायच्या. "परत तसंच कर. मी नुसती बघते." माणूस घाबरत घाबरत तेच परत करायचा, आणि निम्म्या वेळा करता करता त्याचं त्यालाच कळायचं.

माझी गोष्ट वेगळी. मी तक्रार न आणता कबुली घेऊनच जायचो. एकदा स्टोअरचा सगळा रिपोर्ट तिरका छापून आला. मी धावत गेलो, "बाई, माझ्यामुळे झालं असेल. सकाळी मी कागदाला हात लावला होता."

बाईंनी प्रिंटरचं झाकण उघडलं, कागदाची भोकं दात्यांवर नीट बसवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भोईर, तुला प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं नाव घालायची हौस आहे. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं."

"तसं नाही बाई, पण चुकलं असेल तर..."

"चुकलं असेल तर काय केलंस ते सांग, म्हणजे नीट करता येईल. वाईट वाटून घ्यायचं असेल तर घरी जाऊन घे. इथे एसी चालू आहे, बिल येतं."

इतकं रोखठोक माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या घरी मी एका रविवारी गेलो होतो, कसलेसे कागद पोचवायला. चाळवजा बिल्डिंग, खाली सिंध्यांची दुकानं, वर निम्मी घरं सिंधी, निम्मी आपली. गच्चीवर पापड वाळत होते आणि जिन्यात भांडण पेटलं होतं. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. वरच्या मजल्यावरच्याने पंप लावला, असं खालचे म्हणत होते. खालच्यांनी टाकीत काहीतरी केलं, असं वरचे म्हणत होते. एका जाड सिंधी बाईने गायकवाडबाईंना पाहिलं आणि ओरडली, "अदी, तू बता, किसने किया ये?" अदी म्हणजे ताई. सगळी बिल्डिंग त्यांना अदीच म्हणायची.

बाई म्हणाल्या, "काल रात को पानी था?"

"था."

"तो कालपासून नया क्या है?"

मग एक पोरगी म्हणाली, काल आमच्या घरी नवी भाभी आली. नव्या नवरीसाठी जिन्याखालची खोली रिकामी केली होती, आणि तिथलं लोखंडी कपाट ढकलून भिंतीला लावलं होतं. बाई जिन्याखाली गेल्या. कपाट नेमकं पाण्याच्या कॉकवर रेटून बसलं होतं. दोघांनी कपाट ओढलं, कॉक फिरवला, पाणी आलं. कपाट तिथे कोणी सरकवलं यावर जिन्यात नवीन भांडण सुरू झालं. बाई तोवर आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकत होत्या.

मी विचारलं, "बाई, तुम्ही कधीच नाव का विचारत नाही?"

त्या गाळणं झटकत म्हणाल्या, "नाव कळलं की लोक त्या माणसाकडे बघायला लागतात. कॉक तसाच राहतो."

ऑफिसात शांताराम नावाचा शिपाई होता. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरचा, भातशेतीतून आलेला, माझ्याहून थोडा मोठा. कित्येक वर्षं टेम्पररी. दर वर्षी त्याला कायम करायचं निघे आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. कॉम्प्युटरच्या खोलीची झाडलोट त्याच्याकडे, चावीही त्याच्याकडे. मशीनवर त्याचा असा जीव, की फडकं मारताना तो तोंडावर रुमाल बांधायचा, आपला श्वास लागू नये म्हणून.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. लेथला हार, ड्रिलला हळदकुंकू, क्रेनच्या हुकाला आंब्याचा टहाळा. कॉम्प्युटरची पूजा बाईंनी दारापर्यंतच ठेवलेली. म्हणायच्या, "बाहेर टेबल मांडा, काय वाहायचं ते वाहा. आत धूळसुद्धा चालत नाही त्याला." त्या स्वतः दसऱ्याला नसायच्याच. त्यांचं घर बौद्ध. दर वर्षी त्या दिवशी त्या नागपूरला, दीक्षाभूमीला असायच्या, आणि येताना ऑफिससाठी संत्रा बर्फी आणायच्या.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास शांतारामची कायम होण्याची ऑर्डर खरोखरच टाइप झाली. बाईंनीच ती कॉम्प्युटरवर केली आणि छापली. साहेबांची सही तेवढी बाकी, दिवाळीआधी करतो म्हणाले होते. त्या दसऱ्याला शांताराम अगदी हरखून गेला होता. ज्या मशीनमधून आपली ऑर्डर निघाली त्याला दाराबाहेरून नमस्कार करणं त्याला पटेना. बाई नागपूरला. त्याने खोली उघडली. आम्ही सगळे चपला काढून आत गेलो. साहेबही आले. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, भटजी होते ते दोन शब्द म्हणाले, आणि मग लग्नात उडवतात तशा सगळ्यांनी अक्षता उडवल्या. पहिली मूठ साहेबांची होती. मी मुद्दाम सांगतो, पहिली मूठ साहेबांची. माझीही होती. त्या मशीनच्या पोटात मोठ्या फ्लॉपीची उघडी फट होती, तिकडे कोणाचं लक्ष असणार?

बाई परतल्या. बर्फीचा डबा टेबलावर ठेवला, मशीन चालू केलं, आणि फाइल मॅनेजर उघडेना. ज्यातून सगळ्या फायली दिसायच्या, उघडायच्या, फ्लॉपीवर जायच्या ते कपाटाचं चित्र. त्यावर दोनदा टिचकी मारली की वाळूचं घड्याळ यायचं, फ्लॉपीचा दिवा लागायचा, आतून घर्र घर्र असा आवाज, मग पडद्यावर काहीतरी चुकल्याची सूचना देणारा चौकोन, आणि फाइल मॅनेजर गायब. परत उघडायला जावं तर परत तेच. मशीन बंद करून चालू केलं तरी तेच. दिवाळीआधीच्या मालाची सगळी चलनं आत, आणि गाड्या दाराशी.

लखी आला. मोजे आता नवीन होते. त्याने फुंकर मारली आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क गई. फॉरमॅट."

"दुपारपर्यंत थांब," बाई म्हणाल्या आणि हात मांडीखाली घालून बसल्या.

मी बाजूला उभा होतो. बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. "बाकी सगळं उघडतंय. टायपिंग उघडतंय, हिशेब उघडतोय. मग डिस्क कशी जाईल? जातोय तो फाइल मॅनेजर. आणि जाण्याआधी फ्लॉपीचा दिवा लागतो. मी तर त्याला फ्लॉपी बघ असं सांगितलेलं नाही. मग तो तिकडे का जातो?" थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, मीच सांगितलंय. नागपूरला जाताना चलनं फ्लॉपीवर उतरवली आणि फाइल मॅनेजर तसाच फ्लॉपीवर सोडून बंद केला. त्याला शेवटचं ठिकाण लक्षात ठेवायला मीच शिकवलंय. आता तो दर वेळी उघडला की आधी तिथे जातो, तिथे काहीतरी अडतं आणि मरतो."

त्यांनी विंडोज बंद केलं, काळ्या पडद्यावर आल्या आणि फाइल मॅनेजर ज्या फायलीत आपलं शेवटचं ठिकाण जपून ठेवतो तिचं नाव बदललं. म्हणाल्या, "आता त्याला काही आठवणार नाही. नव्याने सुरू करेल." विंडोजमध्ये आल्या, कपाटावर टिचकी मारली. उघडलं. सगळ्या फायली जागच्या जागी. लखी "अरे वा" म्हणाला आणि बर्फीचा तुकडा उचलला.

"आता तिथे काय अडतंय ते बघू," बाई म्हणाल्या. लखीने स्क्रू काढले, फ्लॉपीचा डबा बाहेर घेतला आणि बाईंनी तो वर्तमानपत्रावर उलटा केला. कुंकवाने लाल झालेले तांदूळ कागदावर पडले.

लखी हसायला लागला आणि बाईंचा चेहरा बघून थांबला. दारात शांताराम उभा होता. तो तसाच मागे वळून गेला.

मला राहवेना. "बाई, दसऱ्याला आम्ही सगळे आत..."

"भोईर, गप."

"पण ऐका तरी. मीही टाकल्या, आणि साहेबांनी तर..."

"मला सांगू नकोस." आवाज खालीच होता, पण तसा मी कधी ऐकला नव्हता. "काय झालं ते मला कळलंय, तेवढं पुरे. तू नावं सांगितलीस तर ती मला माहीत होतील. मग साहेब विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही."

साहेबांनी तासाभरातच बोलावलं. मी चलनं घेऊन आत होतो. त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली, शांतारामची ऑर्डर होती. आम्हा तिघांनाही दिसेल अशी.

"मॅडम, लखी सांगतो मशीनमधून तांदूळ निघाले. चालत गेले का?"

"नाही साहेब."

"मग कोणी टाकले? चावी शांतारामकडे असते."

"चावी त्याच्याकडे असते. दार सगळ्यांनाच उघडतं."

"मला नाव पाहिजे. एवढ्या किमतीचं मशीन आहे. असल्या माणसाला मी कायम करू?"

"मी नागपूरला होते साहेब. मी जे पाहिलं नाही ते कसं सांगू?"

"मग जे पाहिलंत ते सांगा."

बाई सरळ उभ्या होत्या. "ड्राइव्हमध्ये तांदूळ होते, ते काढले. पण नुसत्या तांदळाने फ्लॉपी अडली असती, काम अडलं नसतं. काम अडलं कारण फाइल मॅनेजर मी फ्लॉपीवरच सोडून गेले. ती चूक माझी. ते नाव मला माहीत आहे."

साहेबांनी पेपरवेट थोडा सरकवला. त्यांना आपली मूठ आठवली होती की नाही, मला माहीत नाही. मला ती आठवत होती. माझ्या जिभेवर होती. चलनांचा गठ्ठा छातीशी धरून मी तिथे उभा राहिलो आणि काही बोललो नाही.

"म्हणजे निष्काळजीपणा तुमचा," साहेब म्हणाले.

"तेवढा माझा," बाई म्हणाल्या.

शांतारामच्या ऑर्डरवर त्या आठवड्यात सही झाली. जानेवारीत कॉम्प्युटरसाठी नवा मुलगा घेतला, डिप्लोमावाला, आणि बाई टायपिंगच्या टेबलावर परत गेल्या. काचेवरचं नाव त्यांनी स्वतःच, कमरेच्या फडक्याने पुसलं. त्या मुलाला पहिले दोन महिने त्यांनीच शिकवलं. तो हुशार निघाला. बाईंना मॅडम म्हणायचा आणि दर थोड्या वेळाने प्लायवूडच्या खोलीतून डोकं बाहेर काढायचा, "मॅडम, एक मिनिट?" बाई टायपिंग अर्धं टाकून जायच्या आणि दारात चपला काढायच्या.

सही झाली त्या दिवशी शांताराम पेढे घेऊन टेबलाटेबलाशी फिरला होता. बाईंपाशी येऊन म्हणाला, "बाई, कायम झालो. तोंड गोड करा." बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, आणि विचारलं, "घरी सांगितलंस?"

"पाड्यावर कसा सांगणार आत्ता? संध्याकाळी जाईन तवा सांगीन."

"मग आज लवकर जा. माझं नाव सांग साहेबांना, मी सोडलंय म्हणून."

नंतर, जानेवारीत, त्याने बाईंना टाइपरायटरवर पाहिलं तेव्हा त्याला काही उमजेना. "बाई, तुमी परत हितं कशा? मशीन कोणी काढून घेतला?"

"कोणी नाही रे. एसीने माझे गुडघे धरले होते."

मी शेजारीच होतो. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात रागही नव्हता, विनंतीही नव्हती. प्रिंटरमध्ये कागद नीट बसला का ते बघायच्या, तसं बघितलं. मी मान खाली घातली.

दोन-तीन वर्षांनी कारखान्यात माणसं कमी करायला लागले तेव्हा बाईंनी नोकरी सोडली आणि बदलापूरला शिरगावात छोटी जागा घेतली. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कायम नोकरीमुळे शांतारामला घरासाठी कर्ज मिळालं होतं. त्याने पाड्यावर पक्कं घर बांधलं, वर पत्रे न घालता स्लॅब टाकला. वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. बाईही आल्या होत्या, बदलापूरहून जीप धरून. अंगणात बायकांच्या पंगतीत बसून जेवत होत्या. शांताराम पाहुण्यांना घेऊन पानापानाशी येत होता आणि ओळखी करून देत होता. मी स्टोअरचे भोईर साहेब झालो. डिप्लोमावाला मुलगा झाला कॉम्प्युटरचे मोठे साहेब. त्याच्याविषयी शांताराम बराच वेळ बोलला. बाईंपाशी आला तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने विचारलं, "ह्या कोन?"

"ह्या आमच्या ऑफिसात टायपिंगला होत्या," शांताराम म्हणाला. "लई चांगल्या बाई." आणि तो पुढच्या पानाकडे गेला.

बाईंनी म्हातारीला डाव्या हाताने बसायची खूण केली, आपल्या शेजारी जागा करून दिली, आणि विचारलं, "आजी, घर थंड राहतंय का?" म्हातारी बसली आणि सांगायला लागली. खालचा कोबा कसा केला, पाणी कुठून आणलं, स्लॅब टाकला त्या दिवशी किती माणसं जेवली. बाई जेवण थांबवून ऐकत होत्या. मी हात धुऊन परत आलो तेव्हाही त्या ऐकतच होत्या. पंगत उठून गेली होती, उष्टी पानं उचलली होती, आणि त्या दोघीच नव्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हातारीने बाईंचा हात धरून त्याच भिंतीवर ठेवला होता, गिलावा कसा गुळगुळीत झालाय ते दाखवायला.